देऊन टाकणं

आपल्याकडे 'देणं' आणि 'देऊन टाकणं' असे दोन शब्द आहेत. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. त्यातला फरक मला एका सोफ्यानं शिकवला.

पुण्याच्या घरात नवं फर्निचर आलं तेव्हा भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं सोफा दाबून बघितला, काचेच्या शोकेसला टिचकी मारली आणि सगळ्याचे मिळून पाचशे सांगितले. मला राग आला. त्यापेक्षा गरजवंताला दिलेलं काय वाईट, असं म्हणून त्याला परत लावला. म्हणजे माझ्यातला दानशूर भंगारवाल्यानं भाव पाडल्यावर जागा झाला, हे आधीच कबूल करतो.

गावी चुलतभाऊ वारल्यापासून वहिनी आणि म्हाताऱ्या काकी दोघीच असतात. टेम्पो केला, भाडं मीच भरलं, सामान रवाना केलं. पुढं महिनाभर भेटेल त्याला सांगत होतो.

दिवाळीत गेलो. घर दोनच खोल्यांचं. पुढच्या खोलीत सोफा, त्यामुळं ज्वारीची पोती आत चुलीपाशी सरकलेली आणि काकींचं अंथरूण पडवीत आलेलं. शोकेसचं प्लायवूड पावसाळ्यात ओल धरून फुगलं होतं. सोफ्यावर चादर होती, पण बसत कुणीच नव्हतं. त्यात ढेकूण होते. ते आमच्याच घरचे. नवा सोफा घेण्याचं तेही एक कारण होतं, पण टेम्पोत चढवताना ते आठवलं नाही.

"वहिनी, एवढी अडचण होतीय तर काढला का नाही?"

"भावजी, तुमी भाडं भरून पाठीवला. तुमी आल्यावर दिसाया नको व्हय?"

मला काय बोलावं कळेना. म्हटलं, "खरं काय लागत होतं तुम्हाला?"

ती जरा थांबली. "इचारलंच हाय म्हनून सांगते. आत्याबाईस्नी खालनं उठाया येत न्हाय. येक लोखंडी खाट आसती तर बरं झालं आसतं."

लोखंडी खाट आमच्याकडं होती. चांगली होती म्हणूनच पाठवली नव्हती. वर्षाकाठी चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी ठेवली होती.

कठोपनिषदात नचिकेताची गोष्ट आहे. त्याचा बाप यज्ञात गाई दान करत होता. पण त्या गाई म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, गवत खायचंही त्राण नसलेल्या. बापाला पुण्य हवं होतं आणि गोठाही मोकळा करायचा होता. पोराला ते बघवलं नाही. मला कोणाला द्याल, म्हणून तो बापाला पुन्हापुन्हा विचारत राहिला, आणि चिडलेल्या बापानं त्याला यमालाच देऊन टाकलं. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. त्यातला बाप आपणच, हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

जुनी वस्तू देऊच नये असं नाही. गावाचा संसार जुन्यावरच उभा राहिला. आमच्या वडिलांचं सागवानी कपाट एका मास्तरांनी बदली झाल्यावर दिलेलं. त्यांनी आधी सुताराला बोलावून त्याचा मोडका पाय बदलला. गावकरी सुताराला सुगीत बलुतं घालायचे. मास्तर परगावचे, त्यांनी रोख मजुरी मोजली. मग आमच्या दाराचं माप घेतलं आणि वडिलांना विचारलं, "चालंल का तुम्हांला? नको असलं तर तसं सांगा." ते 'नको' म्हणायची मुभा मास्तरांनी वडिलांना दिली होती. मी वहिनीला ती दिली नाही. घेणारा अडलेला असतो, नात्याचा असतो. त्याला नको म्हणणं जड जातं. आपली अडगळ त्याच्या घरात जाते आणि वर आभार मानायचं ओझंही त्याच्याच डोक्यावर.

सोफा आणि शोकेस मी माझ्या खर्चानं तिथून हलवलं. परत आल्यावर खाट पाठवायची काढली, तेव्हा घरात कुरबूर झाली. पाहुणे आले तर कुठं झोपवायचे? खरं सांगायचं तर माझाही हात क्षणभर थांबला. राहू दे, दुसरी एखादी बघू, असं मनात आलं.

सोफा देताना असं काहीच वाटलं नव्हतं.