दिवा कुठे धरला

मे महिन्यात मी त्या मुलाचे २०० रुपये कापले, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे गाडीच्या रंगाबद्दल, थरांबद्दल, मायक्रॉनबद्दल मी इतकं बोलेन की ही रक्कम मध्येच कुठेतरी बुडून जाईल. खरं तर ती बुडावी असं मला मनातून वाटतंच.

भिलाईच्या वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीत तो मुलगा सकाळी साडेसहाला सायकलवर येतो. हँडलला बादली, कॅरिअरला फडकी. सात-आठ गाड्या पुसतो आणि मग दुसऱ्या कुठल्यातरी कामाला निघून जातो. माझ्याकडून त्याला महिन्याचे ५०० रुपये मिळायचे. त्या दिवशी ऊन तिरपं आलं होतं. गेटबाहेर काढलेल्या माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर सूर्याचा ठिपका पडला होता आणि त्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं विणावं तसे बारीक, गोल गोल चरे. शेकडो. डोकं फिरलं. समोरचे काका पेपर वाचत उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी त्याला विचारलं, हे काय करून ठेवलंस? गोल गोल फडकं फिरवतोस, हे बघ, गोल खुणा पडल्यात!

तो म्हणाला, "मैं नइ करे हंव, अंकल."

"मग कोणी केलं?" मी विचारलं.

प्रश्न चांगला होता. पण उत्तरासाठी मी थांबलो होतो का? नाही. मी आत गेलो आणि एक तारखेला ५०० च्या जागी ३०० दिले. त्याने मोजले, खिशात घातले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा आला. मला वाटलं, चूक केली म्हणूनच गप्प बसला. गप्प बसण्याला दुसरं कारण असू शकतं, हे मला का सुचू नये? महिन्याचे ३०० सुद्धा ज्याला सोडता येत नाहीत, त्याला गप्प बसण्यापलीकडे काय परवडतं?

आता काळ्या रंगाबद्दल. शोरूममधल्या माणसाने मला बजावलं होतं की भिलाईत काळी गाडी सांभाळणं कठीण, धूळ दिसते, चरे दिसतात. मी ऐकलं नाही. पुण्याच्या माझ्या साडूने आदल्या वर्षी हीच गाडी पांढऱ्या रंगात घेतली होती. मला तीच घ्यायची होती, पण तीच दिसायला नको होती. काळा रंग भारदस्त दिसतो, असं मी घरी सांगितलं. आता हे लिहिताना कळतं की त्या वाक्यात 'साडूपेक्षा' हा शब्द गाळलेला होता.

गाडी दारात आल्यावर मी एक सवय लावून घेतली. संध्याकाळी ऑफिसातून आलो की डिकीतलं पिवळं फडकं काढायचं आणि चहा होईपर्यंत गाडीवरून हात फिरवायचा. पाणी नाही, काही नाही. नुसती धूळ पुसायची. लोक जाता-येता बघतात, 'नवी घेतली का?' विचारतात, बरं वाटतं. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. आणि चरे कुणी पाडले असतील याचा विचार करताना हे फडकं माझ्या एकदाही डोळ्यांपुढे आलं नाही. आपलं ते प्रेम, दुसऱ्याचा तो निष्काळजीपणा. अशीच वाटणी मी केली होती ना?

बायकोने ती मोडली. रात्री जेवताना सहज म्हणाली, "अहो, तो निदान ओल्या फडक्याने पुसतो. कोरडं तुम्हीच फिरवता, तेही रोज." मी म्हटलं, माझं फडकं मऊ आहे. ती काही बोलली नाही, आमटी वाढली.

फडकं मऊ असतं हे खरंच आहे. पण चरा फडक्याने पडत नाही, फडक्याखाली सापडलेल्या कणाने पडतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ दहापैकी सातवर बसतो. काचेलाही तो ओरखडतो. मग गाडीच्या पारदर्शक थराचं काय चालणार? त्यात आमचं गाव पोलादाचं. लोखंडाचे कणही हवेत आलेच. कोरड्या गाडीवर फडकं फिरवायचं म्हणजे तळहाताखाली सॅंडपेपर धरून गोंजारायचं. मी दोन वर्षं गोंजारत होतो.

हे मला मे महिन्यात माहीत नव्हतं, असं म्हणून सुटता येईल का? प्रयत्न करून पाहिला. पण मध्येच बाबा आठवले.

बाबा १९६२ साली भंडाऱ्याहून इथे आले. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटून तीनच वर्षं झाली होती. प्लांटच्या मशीन शॉपमध्ये ते टर्नर होते. त्यांची एक काळी सायकल होती. शिफ्ट संपवून आले की सायकल अंगणात उभी करायची, दोन मग पाणी वरून ओतायचं, धूळ वाहून गेली की मगच फडकं. मी लहानपणी एकदा मदत म्हणून कोरडंच पुसायला घेतलं तर त्यांनी हात धरला. "आधी पाणी, मग फडकं." म्हणजे ज्ञान घरात होतं, तेही पन्नास वर्षांपूर्वीचं. नव्हतं काय, तर संध्याकाळी दोन बादल्या पाणी आणायचा धीर. घाई होती. आणि घाईलाच मी माया म्हणत होतो.

दसऱ्याला गाडीची पूजा करायची, म्हणून त्याआधी ते चरे काढून घ्यावेत असं ठरवलं. हा माझा पहिला प्रयत्न नव्हता. जूनमध्ये एका दुकानात स्वस्तात 'रबिंग-पॉलिश' करून घेतलं होतं. गाडी आरशासारखी झाली, तशीच नागपूरला एका लग्नाला नेली, मिरवली. तीन-चार धुण्यांत सगळे चरे परत हजर. तेव्हा मी दुकानदाराला शिव्या घातल्या. नंतर कळलं की काही पॉलिशमध्ये तेल आणि भरणी असते. ती चऱ्यांत बसते, चरा जात नाही, फक्त बुजतो, आणि शाम्पूने धुतलं की उघडा पडतो. त्या दुकानदाराला चमक हवी म्हणून मीच सांगितलं होतं. चरे काढ, असं कुठे म्हटलं होतं?

या वेळी सुपेल्याच्या बाजूला एक कारागीर सापडला. त्याने आधी हातच लावला नाही. गाडी धुतली, वरून एक फवारा मारला. पांढऱ्या फेसातून जागोजाग जांभळे ओघळ उतरले. "लोहा है, भैया," तो म्हणाला. रंगात रुतलेल्या लोखंडाच्या कणांशी ते द्रव्य मिसळलं की जांभळं होतं. काही कण ब्रेकमधून झिजून आलेले, काही हवेतले. मग मातीसारख्या मऊ गोळ्याने, भरपूर ओलावा ठेवून, त्याने पत्रा गुळगुळीत केला. जाडी मोजायचं छोटं यंत्र पत्र्याला टेकवलं आणि आकडे वाचून दाखवले. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. चरे असतात ते याच थरात. आणि चरा काढायचा म्हणजे काय? चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खरवडून खाली आणायचा. भरायचं नाही, झिजवायचं.

बाबा लेथवरच्या कामाबद्दल हेच म्हणायचे, चमक फुकट येत नाही, धातू जातो. ते वाक्य मी किती वर्षं ऐकलं होतं, आणि किती वर्षं ऐकलंच नव्हतं!

मग कारागिराने शेड अंधारी केली आणि हातात दिवा घेतला. बॉनेटवर धरला तसं तेच जाळं, दिव्याभोवती गोल. मी पटकन म्हणालो, "पाहा, कसं गोल गोल पुसलंय त्याने." तो हसला. दिवा त्याने हळूच डावीकडे सरकवला. गोल चरे दिव्याबरोबर सरकले. पुन्हा उजवीकडे, पुन्हा गोल त्याच्यासोबत. गाडीच्या छताकडे नेला, तिथेही गोल. मी कधीही न पाहिलेल्या जागी.

त्याने त्याच्या भाषेत समजावलं ते असं. चरे गोल नसतात. सरळ, आडवे, तिरपे, सगळ्या दिशांना पसरलेले असतात. पण प्रत्येक चऱ्याची कड ठराविक दिशेलाच उजेड फेकते. दिव्याच्या संदर्भात जे आडवे पडलेले आहेत तेवढेच आपल्या डोळ्यांपर्यंत चमकतात, बाकीचे तिथेच असून दिसत नाहीत. म्हणून दिव्याभोवती वर्तुळ झाल्याचा भास. ते वर्तुळ दिव्याचं असतं, पुसणाऱ्याच्या हाताचं नसतं.

माझा एकुलता एक पुरावा तो 'गोल' होता. त्यावर मी भर गल्लीत निकाल दिला होता, दंडही वसूल केला होता.

तिथे उभ्या उभ्या मला दुसरंही एक सुचलं आणि त्याचा राग आला. साडूच्या पांढऱ्या गाडीवरही इतकेच चरे असणार. पांढरा रंग स्वतःच सगळीकडे उजेड विखरतो, त्या उजेडात चऱ्याची चमक हरवते. काळा रंग उजेड गिळतो, म्हणून त्यावर बारीकशी रेघही लखलखते. म्हणजे दोन वर्षं मी त्याच्या गाडीवर जळत होतो ते कशावर? न दिसण्यावर?

काम दोन दिवस चाललं. कडांवर थर पातळ असतो, म्हणून त्याने कडांना टेप लावली. हातभर जागेवर आधी सगळ्यात सौम्य पॉलिश लावून पाहिलं, त्याने भागत नाही म्हटल्यावरच एक पायरी वर चढला. यंत्र असं की पॅड फिरतो आणि डुलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. डाव्या दारावर एक चरा होता, त्यावर त्याने नख आडवं फिरवलं. नख अडकलं. म्हणाला, हा राहू दे, हा काढायला गेलो तर थरच संपेल. तो चरा मी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रॉली घासून पाडला होता आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचे नियम त्याने सांगितले, मी पाळतो आहे. कोरडं फडकं कधीही नाही. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्यायची. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, पिळायला साधं पाणी. वरून खाली यायचं, चाकाजवळचा भाग शेवटी आणि त्याचं कापड वेगळं. खाली पडलेलं कापड धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचं नाही. उन्हात धुवायचं नाही. धुळकट गाडीवर कव्हर घालायचं नाही, कारण वारा सुटला की कव्हरच फडक्याचं काम करतं. सिरॅमिक कोटिंगने धुणं सोपं होतं, चरे थांबत नाहीत, हे तो स्वतः कोटिंग विकत असूनही त्याने सांगितलं.

दिवाळीत मी त्या मुलाला ५०० रुपये दिले, शिवाय मिठाईचा डबा. म्हटलं, "ये ले, दिवाली का." तो खूश झाला. मलाही हलकं वाटलं. २०० परत गेले, वर ३०० जास्तच गेले, हिशेब मिटला. दोन दिवस हे हलकेपण टिकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाडीवर पाणी ओतताना पाहिलं आणि जूनमधलं ते रबिंग-पॉलिश आठवलं.

मी चरा बुजवला होता, काढला नव्हता. बक्षीस देणं सोपं होतं, त्यात मी मोठाच राहत होतो. 'मे महिन्यात माझं चुकलं, तू केलं नव्हतंस' हे सांगताना माझा थर थोडा कमी झाला असता. तेवढ्याचीच मला भीती. आणि ते सांगायचं तर कुठे? त्याच्या कानात, गेटच्या आत? ओरडलो होतो तो भर गल्लीत, काकांना ऐकू जाईल असा. मग कबुली हळू आवाजात का?

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच उमगतंय की दोष शोधायला निघताना माझ्या हातात दिवा असतो, पण तो मी नेहमी समोरच्यावर धरतो आणि जे चमकेल तेवढंच खरं मानतो. तो थोडा सरकवला असता तर पिवळं फडकं दिसलं असतं, साडू दिसला असता, पार्किंगमधली ट्रॉलीही दिसली असती. चरे सगळे आधीपासून तिथेच होते.

हे मी तुम्हाला सांगितलं. त्याला अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी साडेसहाला तो येईल, आणि समोरचे काकाही तेव्हा पेपर घेऊन बाहेरच उभे असतात.