एका देवनामाचा निवाडा

लिडियन लोकांचे राज्य इ.स.पूर्व सहाव्या शतकात इराणी सत्तेने बुडविले, तरी आशिया मायनरच्या पश्चिमेस सार्डिसच्या परिसरात त्यांची भाषा पुढेही काही शतके दगडावर कोरली जात राहिली. आणि त्या लेखांतील मोठा भाग थडग्यांवरचा असल्यामुळे, जो कोणी या समाधीस उपद्रव देईल त्याचा देवता उच्छेद करोत, अशा शापवचनांतूनच त्या भाषेशी आपला मुख्यतः परिचय होतो. शिलाहार-यादवकालीन दानशिलांवरील शापवाक्ये ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हा सूर परका वाटणार नाही.

१९१२ साली सार्डिसच्या उत्खननात लिडियन आणि आरमाईक अशा दोन भाषांतील एक लेख मिळाला व त्यामुळे घर, अंगण, माती, पाणी यांचे लिडियन शब्द निश्चित झाले. इतर शापलेखांत मात्र आर्टेमिस देवीच्या जोडीने एक नाव येते, आणि त्याचे आद्याक्षर अधिकचिन्हाच्या आकाराचे आहे. या लेखांचे अभ्यासक एन्नो लिटमान यांनी ते 'प' असे वाचले; 'प्ल्दान्स' म्हणजे आर्टेमिसचा सहोदर अपोलो, ही संगती मनोहर होतीच, शिवाय त्याच चिन्हाने आरंभ होणारा राजवाचक शब्द एफिससच्या हिप्पोनॅक्स कवीने योजलेल्या 'पाल्मुस'शी जुळत असल्याने तिला साक्षीदारही लाभला.

पुढील अभ्यासकांनी या दस्तऐवजांची पुन्हा शहानिशा केली, तेव्हा तेच चिन्ह 'जो कोणी' या अर्थाच्या सर्वनामाच्या आरंभी उभे असल्याचे महत्त्व ध्यानी आले. लॅटिन 'क्विस', हित्ती 'कुइश' आणि आपले संस्कृत 'कः' ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले ते सर्वनाम असल्यामुळे चिन्हाचा उच्चार 'क्व'कडे झुकला. आणि असा ध्वनी ग्रीकांच्या तोंडी 'प' होणे असंभाव्य नसल्याने 'पाल्मुस'ची साक्षही विरोधी ठरली नाही. 'क्ल्दान्स' असे वाचताच अपोलोशी असलेले नादसाम्य मात्र लोपले. हेसिकिओस या कोशकाराने 'कोअल्द्देइन' हा राजा या अर्थाचा लिडियन शब्द नोंदविला आहे. त्याच्या आधारे काहींनी या नावात 'अधिपती' ही पदवी पाहिली, तर काहींनी चंद्रदेव.

माझ्या मते यांपैकी कोणत्याही कौलाहून लेखांची स्वतःची साक्ष अधिक विश्वसनीय आहे, कारण ध्वनिसाम्य आपल्या इच्छेस सहज वश होते, परंतु वाक्यातील शेजार तसा होत नाही. या नावापुढे 'बलवान' अशा अर्थाचे विशेषण येते, शेजारी एफिससची आर्टेमिस असते, आणि त्या दोघांवर थडग्याच्या रक्षणाचा भार सोपविलेला असतो.