लुबाडलेल्याचें देणें

प्रामाणिकपणें पोट भरावें, हा उपदेश घरोघरीं ऐकूं येतो. परंतु ज्या धंद्यांत थोडीबहुत लबाडी रूढच झालेली आहे, त्यांत राहून हात स्वच्छ ठेवावे कसे, हा प्रश्न उपदेशकहि बहुधा टाळतात. असा धंदा सोडावा, कीं त्यांतच राहून सचोटीनें वागावें?

ख्रिस्ती विचारांत सर्वस्वत्यागाचा मान मोठा आहे. १८९५ सालीं ख्रिस्ती झालेले कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ मध्यें मिशनची पगारी सेवा सोडली आणि संन्यस्त वृत्तीनें ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्या पगारांत कांहीं पाप नव्हतें. तरी तो सोडणें मोठेंच होतें. परंतु सिल्लोडच्या मोंढ्यांतील आडत्यानें, तेथील कारकुनानें अगर हमालानें काय करावें? त्याला तर उद्यांहि त्याच तराजूपाशीं उभें राहावयाचें आहे.

त्याच्यासाठीं लूकच्या शुभवर्तमानांत दोन प्रसंग आहेत. रोमन अमलांत जकातीचा मक्ता दिला जाई आणि ठरलेल्याहून जें अधिक उकळावें, तें वसूल करणाराच्या पदरांत पडे. म्हणजे मोह त्या धंद्याच्या रचनेंतच होता. असे जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले, तेव्हां त्यानें त्यांना जकातीचें काम सोडावयास सांगितलें नाहीं; ठरलेल्याहून अधिक घेऊं नका, एवढेंच बजावलें. दुसरा प्रसंग यरीहोच्या जक्कयाचा. येशू घरीं आल्यावर त्या श्रीमंत जकातदारानें दोन निरनिराळे संकल्प केले: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना द्यावयाची, आणि ज्यांना लुबाडलें त्यांना चौपट परत करावयाचें.

या दोन रकमा त्यानें एकत्र केल्या नाहींत, यांतच सारें मर्म आहे, असें आम्हांस वाटतें. आपण त्या सर्रास एकत्र करतों. मका, कापूस, मिरची घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या मालांतून ओलाव्याच्या नांवाखालीं वाजवीहून अधिक वजन कापणारा एखादा व्यापारी कल्पावा. वर्षअखेर तो देवळास पायरी, मशिदीस चटई, अगर चर्चला बाक देतो आणि मनानें मोकळा होतो. पण ज्याचें वजन कापलें, त्या शेतकऱ्याच्या हातीं काय पडलें? दान केल्यानें नांव होतें. परतफेड करतांना, ज्याला फसविलें त्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. म्हणूनच दान सोपें.

कोणी म्हणेल, चौपट परत करूं गेल्यास मुलेंबाळें उपाशी मरतील. ही शंका खोटी नव्हे. सचोटीची किंमत बहुधा घरांतील बायकामुलांनाच मोजावी लागते. परंतु त्या कथेंत चौपटीची मागणी येशूनें केलेली नाहीं. तो जक्कयाचा स्वतःचा संकल्प होता. ज्याला चौपट झेपत नाहीं, त्यानें जेवढें घेतलें तेवढें तरी परत करावें. तेंहि एकदम न जमल्यास हप्त्यानें करावें, आणि आजच्या मापांत नवी भर घालूं नये. खातेवहींत त्या शेतकऱ्याचें नांव, गांव आणि तारीख लिहिलेलीच असते. जक्कयाचें बोलणें ऐकून येशूनें तारण झाल्याचें सांगितलें, तें एकट्या जक्कयाचें नव्हे, तर त्याच्या घराचें. तेव्हां गृहस्थानें हा हिशेब पत्नीमुलांपासून न लपवितां, त्यांच्यासह बसूनच करावा.