कृतज्ञतेचे मौन

बारा वर्षांपूर्वी आईचा उजवा गुडघा बदलला, तेव्हा आम्ही भावंडांनी पैसे उभे केले होते. वर्षभरात ती जिना चढू लागली आणि आपले कर्तव्य पुरे झाले, असे आम्ही समजून बसलो. गेल्या दिवाळीत चकल्या करून उठताना तिने भिंत धरली. खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "एवढा खर्च केलात रे तुम्ही, आता पुन्हा कुरकुर कोणत्या तोंडाने करू?" सहा महिने ती दुखणे गिळून होती.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. ज्यांनी उपकार केले त्यांच्यापाशी दुखणे बोलून दाखवणे ही कृतघ्नता आहे काय?

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. कृत्रिम सांध्यात धातूच्या दोन भागांमध्ये पॉलिथिलीनची चकती असते. चालून चालून तिचे सूक्ष्म कण झडतात. शरीराच्या रक्षक पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या खटाटोपात भोवतालचे हाडच झिजते आणि सांधा सैल होतो. कधी किडक्या दातातले किंवा पायाच्या जखमेतले जंतू रक्तावाटे तिथे पोचतात, तेही वर्षांनंतर. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे १०० पैकी सुमारे ८२ सांधे २५ वर्षे टिकतात. उरलेल्यांच्या बाबतीत दर वेळी कोणी चुकलेलेच असते असे नाही. मात्र हाडाची झीज पुष्कळदा मुकाट्याने होते. ती लवकर कळली तर दुरुस्ती सोपी. म्हणूनच दुखत नसतानाही अधूनमधून क्ष-किरण तपासणी करायची असते.

आम्ही ती कधी करविली नाही. आईचे चालणे हे आम्ही आमच्या कर्तबगारीचे प्रशस्तिपत्रक मानले आणि ते चारचौघांत दाखवीत राहिलो. ते फाडण्याचे धैर्य तिला कोठून व्हावे? देणाऱ्याने पुन्हा विचारायचे सोडले, की घेणाऱ्याच्या तोंडाला आपोआप कुलूप लागते. दोष तिच्या मौनाचा थोडा. आमच्या न विचारण्याचा फार.

माघात पुन्हा शस्त्रक्रिया झाली. झीज बरीच झाल्यामुळे ती अवघड गेली; पण आई सावरली. यंदा ती खुर्चीवर बसून चकल्या पाडते आहे आणि गुडघ्याबद्दल मनसोक्त कुरकुरते आहे. ती कुरकुर ऐकताना मला बरे वाटते.