सहा मायक्रोसेकंदांचा हिशेब

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की वाडी लागते. ट्रान्सपोर्टची गोदामे, ट्रकच्या रांगा, जवळच आयुध निर्माणी. अशा गजबजलेल्या वस्तीत जमिनीखालच्या केबलमध्ये फॉल्ट झाला, तर खोदायचे कुठे? डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेचे अंतर आपण कशाच्या भरवशावर सांगतो?

त्यासाठीचे यंत्र केबलमध्ये क्षणभराचा स्पंद सोडते आणि तो परतण्याची वाट पाहते. वाहक तुटलेला असेल तर स्पंद सुलटा परततो, शॉर्ट असेल तर उलटा. वाटेतले जॉइंटही पडद्यावर बारीक खुणा सोडतात. समजा, जाऊन-येऊन ६ मायक्रोसेकंद लागले. केबलमधला वेग मायक्रोसेकंदाला १७० मीटर धरला, तर फॉल्ट ५१० मीटरवर. १६० धरला, तर ४८० मीटरवर. घड्याळ अचूक असूनही खड्डा ३० मीटर सरकला!

यंत्र मोजते ती वेळ. तिचे अंतर होते ते आपण गृहीत धरलेल्या वेगामुळे, आणि चूक बहुधा याच गृहीतात दडलेली असते. भारताची त्रिकोणमितीय मोजणी करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. पोलादी साखळीने पायारेषा मोजताना तो तापमानाचीही नोंद ठेवी, कारण उन्हात साखळीच लांबते. ज्याने मोजायचे तेच आधी तपासावे, ही शिस्त विदर्भाच्या मातीत दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेली आहे.

केबलवर ही शिस्त पाळायची, तर केबलची लांबी नक्की ठाऊक हवी. मग निरोगी फेजवर स्पंद सोडून टोकाकडून परतायला लागणारी वेळ बघायची, की त्या केबलचा खरा वेग हाती येतो. तरीही हे अंतर केबलच्या लांबीवरचे. जमिनीखाली ती वळणे घेत, जॉइंटपाशी वेटोळे टाकून गेलेली असते. म्हणून शेवटी उच्च दाबाचे धक्के देऊन, जमिनीला मायक्रोफोन लावून फॉल्टचा आवाज ऐकतात. खांबांवरच्या वाहिनीत लहरीचा वेग प्रकाशाच्या जवळपास असतो. तिथे मायक्रोसेकंदाची चूक सुमारे १५० मीटरची पडते.

पडद्यावरच्या आकड्यापाशी वेग कोणता धरला आणि तो कशावरून, हेही लिहिलेले असावे. ते नसेल, तर तो आकडा अंदाजच समजावा, आणि अंदाजावर रस्ता खोदू नये.