घाटाचा कप्पा

देहूरोडजवळ किवळ्याला संपणारा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला, खर्च सुमारे १,६३० कोटी रुपये. एवढे मोठे काम एकाच बेरजेवर हाकता येत नाही. रस्ते विकास महामंडळाने त्याचे तुकडे पाडले आणि चार कंत्राटदारांकडे सोपवले. खर्चावर ताबा ठेवायची सुरुवात अशा फोडीपासूनच होते.

फोड कशाची करायची, यावर पुढचे सगळे ठरते. आपल्याकडे हिशेब बहुधा सिमेंट, लोखंड, डिझेल, मजुरी असा मांडतात. त्यातून महिनाअखेरीस डिझेल जास्त लागले एवढे कळते. कोणत्या पुलावर, कोणत्या मोरीवर लागले ते कळत नाही. म्हणून फोड हवी ती उभ्या राहणाऱ्या कामाची: टप्पा, टप्प्यातला पूल, पुलाचा पाया, खांब, तुळया. शेवटच्या प्रत्येक कप्प्यापुढे परिमाण, दर आणि एका अभियंत्याचे नाव. मग मोजमाप पुस्तकातली नोंद आणि दिलेले बिल समोरासमोर येतात. पाया निम्माच झाला आणि त्याची पाऊण रक्कम गेली, हे खांब उभा राहण्याआधीच दिसते. अमेरिकेचे संरक्षण खाते आणि नासा यांनी १९६२ मध्ये ही पद्धत लिहून काढली.

तिची खरी अट कडक आहे. सगळे कप्पे मिळून संपूर्ण काम झाले पाहिजे. देहूरोडसारख्या छावणी हद्दीत रस्ता रुंद करायचा तर संरक्षण खात्याच्या जमिनीची परवानगी हे स्वतंत्र काम आहे. त्याला मुदत हवी, माणूस हवा. ते ‘इतर’ या ओळीत ढकलले की यंत्रे उभी राहतात आणि भाडे चालू राहते.

द्रुतगती मार्गाच्या फोडीतही एक भाग असाच बाहेर राहिला. अडोशी बोगदा ते खंडाळा एक्झिट या घाटातल्या पट्ट्यात द्रुतगतीचे सहा आणि जुन्या महामार्गाचे चार पदर सहाच पदरांत येतात. घाटातला स्वतंत्र रस्ता १,६३० कोटींच्या कामात नव्हता. पुढे खोपोली ते कुसगाव १३.३ किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’साठी, खालापूरपासूनच्या रुंदीकरणासह, ६,६९५ कोटी रुपये मंजूर झाले. बोगद्यांचे काम वेगळे, उंच पुलांचे व रुंदीकरणाचे वेगळे, अशी त्याची फोड केली.

हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे अन्यायाचे होईल. मधल्या काळात दर वाढले आणि जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा हे काम मुळातच निराळे. घाटासाठी थांबले असते तर सगळाच मार्ग रखडला असता, हेही मला पटते. पण वगळलेल्या भागालाही कप्पा द्यावा, त्यापुढे अंदाजे रक्कम लिहावी आणि ती दरवर्षी सुधारावी, असे मला कळकळीने वाटते. मधल्या वर्षांत सुट्टीच्या सकाळी घाटात अडकलेल्या गाड्यांचे डिझेल, मालाचा उशीर, रुग्णवाहिकांची खोळंबलेली मिनिटे हा खर्च प्रकल्पाच्या वहीत चढलाच नाही. तो वाटेवरच्या लोकांनी भरला.