कर कोणाचा, शाळा कोणाची?

‘आम्ही एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, तो आमच्याच मुलांच्या शाळेत दिसला पाहिजे.’ बे एरियातल्या मराठी घरांत हे वाक्य हल्ली इतकं सहज बोललं जातं, की त्याला उत्तर द्यावं असंही कोणाला वाटत नाही. स्कूल बोर्डाला आपल्यातला कोणी उभा राहिला, की याच वाक्याचा जाहीरनामा होतो : गणिताचे वरचे वर्ग वाढवा, हुशार मुलांना अडवू नका, आमच्या पैशाचा हिशेब द्या. हिशेब मागायलाच हवा. पण ‘आमचा पैसा, आमची शाळा’ हे मला मान्य नाही, आणि त्यासाठी मला जोतीराव फुल्यांकडे जावं लागतं.

ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीरावांनी शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगाला निवेदन दिलं. त्याचा गाभा जमाखर्चाचा आहे. तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि रिकामी होते वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. ते १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पैसे उधळण्यापेक्षा ते गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं म्हणून त्यांनी विरोधात मत दिलं. नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांचा याच कारणासाठी विरोध होता. आज त्या मंडईला त्यांचंच नाव आहे.

त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, पण कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती कधीच देऊ नये. देखरेख शिक्षण खात्याची असावी. हे लिहिणारा माणूस स्वतः नगरपालिकेत बसत होता. तिथे कोण बसतं आणि कोणाचं पाहतं, हे त्याने जवळून पाहिलं होतं.

माझ्यासारख्याला हा मुद्दा टोचतो, कारण अमेरिकेतलं स्कूल बोर्ड मला मनापासून आवडतं. देशात सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि बहुतेक ठिकाणी बोर्ड लोक निवडतात. कॅलिफोर्नियात नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि कोणीही उठून बोलू शकतं. आपल्याकडे महापालिकेच्या शिक्षण मंडळावर माणसं पाठवायचे ते नगरसेवक. पालकांचं थेट मत तिथे नव्हतं. मग कारभार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती असणं चांगलंच, नाही का?

टेक्सासमधला रॉड्रिगेझ खटला वाचला की हा विश्वास डळमळतो. सॅन अँटोनियोतल्या एजवूड या गरीब, मेक्सिकन वस्तीत १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ०.८५. तरी एका मुलामागे खर्च व्हायचा एजवूडमध्ये ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्समध्ये ५९४. जास्त दराने कर भरूनही शाळा गरीबच राहिली, कारण घरंच स्वस्त होती. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही व्यवस्था कायम ठेवली, स्थानिक नियंत्रणाचं मोल सांगून. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल एके काळी व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या स्कूल बोर्डाचे अध्यक्ष होते. स्थानिक कारभाराबद्दलची जोतीरावांची भीती तिथे खरी ठरली.

मग सगळा पैसा राज्याने गोळा करून समान वाटावा? कॅलिफोर्निया त्याच दिशेने गेला. १९७१ च्या सेरानो खटल्याने ही विषमता तिथे अमान्य ठरवली. पण १९७८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३ आणून मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला आणि ते मूल्य घर विकलं जाईपर्यंत वर्षाला फार तर २ टक्के वाढेल असं बांधून टाकलं. क्युपर्टिनोत एकाच गल्लीत, एकाच आराखड्याची दोन घरं असतात. सत्तरच्या दशकात घेतलेल्या घराच्या दहापट कर परवा घेतलेल्या घराला बसू शकतो. आपल्या लोकांचा राग इथून येतो आणि तो रास्त आहे. मात्र तो शाळेवर काढण्यात अर्थ नाही. पालो आल्टोसारखी मोजकी श्रीमंत डिस्ट्रिक्ट सोडली, तर स्थानिक कर वाढला की राज्याचं अनुदान तेवढंच घटतं. ‘आमचा’ कर ‘आमच्या’ शाळेत येतो, हा समजच बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे.

शाळांना पैसा वाटण्याच्या २०१३ च्या नव्या सूत्राने मला पटणारी वाट काढली. पैसा राज्य वाटतं, खर्च बोर्ड ठरवतं. आणि गरीब घरांतल्या, इंग्रजी शिकणाऱ्या, फॉस्टर केअरमधल्या मुलांमागे मूळ रकमेच्या २० टक्के जास्त मिळतात. जोतीरावांनी मागितलेला न्याय असाच असतो. पण २०१९ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी दाखवून दिलं, की यातला न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी सर्वसाधारण खात्यात मिसळू देणारी पळवाट आहे. ज्यांच्या नावाने पैसा आला, त्यांच्यावरच तो खर्च होईल याची खात्री नव्हती. पळवाट बुजवायला २०२१ उजाडलं.

म्हणून स्कूल बोर्डावर ट्रस्टी व्हायला निघालेल्या मराठी माणसाने डिस्ट्रिक्टचा जमाखर्च आधी वाचावा. बजेटचा बहुतांश पगार आणि पेन्शनमध्येच जातो. शिक्षकांच्या पेन्शन फंडात डिस्ट्रिक्टने भरायचा वाटा २०१३-१४ मध्ये पगाराच्या ८.२५ टक्के होता, तो १९.१ टक्क्यांवर गेला. दिव्यांग मुलांच्या जादा खर्चापैकी ४० टक्के केंद्र देईल असं १९७५ पासून ठरलं आहे, तेवढे कधीच आलेले नाहीत. उरलेल्या थोड्या पैशावर वरच्या गणिताने आधी हक्क सांगावा, हे मला पटत नाही. ती मुलं घरी आईबापांकडून आणि बाहेर शिकवण्यांतून शिकतातच. दुपारी शाळेतून सुटून सॅन होजेतल्या भाड्याच्या खोलीत परतणाऱ्या, घरी फक्त स्पॅनिश बोलणाऱ्या मुलीला शाळेखेरीज दुसरं काही नाही.

आणि एच-वन-बी व्हिसावर असलेल्या पालकांचं काय? कर भरतात, मूल शाळेत जातं, पण मत नाही. न्यूयॉर्कच्या कम्युनिटी स्कूल बोर्डांत नागरिक नसलेल्या पालकांना १९६९ पासून २००२ पर्यंत मत होतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये ते दिलं, आणि कोर्टात आव्हान येऊनही ते टिकलं. आपल्या मराठी मंडळांनी इतर शहरांत ही मागणी लावून धरावी. सॅन फ्रान्सिस्कोने हे मत देताना कोण किती कर भरतो किंवा घर स्वतःचं आहे का, हे विचारलेलं नाही. एकोणीस वर्षांखालचं मूल शहरात राहतं, एवढं पुरतं.